पडीक तुकडा लागवडीखाली आणताना

जमीन फार काळ रिकामी राहत नाही. माणसाने तिच्यात काही पेरले नाही, तर वारा, पाणी, पक्षी आणि गुरे पेरणी करतात, आणि दोन-तीन पावसाळ्यांत मशागतीच्या जमिनीचे रान होते. अशी जमीन हाती घेणारा मनुष्य बहुधा मोठ्या उत्साहाने सुरुवात करतो. सुटीचे दोन दिवस कोयता आणि कुदळ चालवून तो सगळा तुकडा मोकळा करतो. संध्याकाळी त्याला स्वच्छ, उघडी भुई दिसते आणि काम संपले असे वाटते. वस्तुतः ते तेव्हा कोठे सुरू झालेले असते. थोडे पाणी मिळताच काही आठवड्यांत तीच भुई पुन्हा हिरवी होते, पावसाळ्यात गवत गुडघ्याला लागते, आणि पुष्कळ ठिकाणी लागवडीचा बेत तेथेच सोडून दिला जातो. असा दुसऱ्यांदा टाकलेला तुकडा पहिल्यापेक्षाही अवघड असतो. कारण कुदळीने तोडलेल्या भूमिगत खोडांचा प्रत्येक तुकडा आता स्वतंत्र रोप झालेला असतो.

हे अपयश आळसामुळे येत नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या रानाशी झगडताना जमिनीखालच्या रानाचा विसर पडतो, म्हणून ते येते. पडीक तुकडा लागवडीखाली आणण्याची रीत एका सूत्रात सांगता येईल: जेवढे पिकाने झाकता येईल तेवढेच मोकळे करावे. या सूत्रामागील कारणे आणि त्यानुसार करावयाची कामे यांचा विचार या प्रकरणात केला आहे.

तुकडा आणि त्याचे माप

लहान तुकडा भाजीपाल्यासाठी कुटुंबाला देण्याची पद्धत अनेक देशांत रूढ आहे. ब्रिटनमध्ये मागणी असेल तेथे असे तुकडे उपलब्ध करून देण्याची जबाबदारी १९०८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर टाकली. तेथील पारंपरिक तुकड्याचे क्षेत्र सुमारे २५० चौरस मीटर असते. भारतातही रेल्वेने आपल्या रिकाम्या जमिनी ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेखाली कर्मचाऱ्यांना भाजीपाला लावण्यासाठी परवान्याने दिल्या. शाळांची आवारे, वसाहतींमधील मोकळ्या जागा आणि घरामागची परसे यांचा उपयोगही असाच केला जातो. पाच माणसांच्या कुटुंबाला भाजी पुरविण्यासाठी परसबागेला साधारणतः २०० ते २५० चौरस मीटर जागा असावी, असे आपल्याकडेही सुचविले जाते. म्हणून येथे १० मीटर रुंद आणि २५ मीटर लांब असा तुकडा उदाहरणादाखल घेतला आहे. हवामान उत्तरेकडील मैदानांतील किंवा दख्खनच्या पठारावरील, म्हणजे कडक कोरडा उन्हाळा आणि त्यामागून येणारा मोसमी पाऊस असे गृहीत धरले आहे.

जमीन घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: पाणी कोठून मिळेल, हद्द कोणती आणि जमीन किती वर्षांसाठी मिळणार. यांपैकी तिसरी गोष्ट अनेकदा राहून जाते. बहुवर्षायू तणांनी भरलेला तुकडा ताब्यात येण्यास दोन ते तीन वर्षे लागतात. एका वर्षाच्याच बोलीवर असा तुकडा घेणाऱ्याचे श्रम दुसऱ्याच्या पदरी पडतात.

प्रथम ओळख

तुकडा माघ-फाल्गुनात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास हाती घेणे सर्वांत सोयीचे असते. पुढे उन्हाळ्याचे तीन महिने मिळतात, आणि ऊन हे तणांच्या निर्मूलनाचे सर्वांत स्वस्त साधन आहे. आत पाऊल टाकताना मात्र घाई करू नये. टाकलेल्या जागेत विटांचे ढीग, तारा आणि फुटक्या काचा असतात. उंदीर असतात, आणि उंदरांच्या मागे सापही येतात. जाड बूट घालून, लांब काठीने गवत हलवीत पुढे जावे. ढिगारे हातांनी न उपसता दाताळ्याने किंवा फावड्याने ओढावेत.

यानंतर तुकड्यावर कोणती तणे कोठे आहेत याची नोंद करावी. एका कागदावर आयत काढून त्यात खुणा केल्या तरी पुरे. या नोंदीत प्रत्येक तण दोनपैकी एका वर्गात घालावे. पहिल्या वर्गात बियांपासून उगवून, एका हंगामात बी टाकून मरणारी वर्षायू तणे येतात. दुसऱ्या वर्गात गाठी, भूमिगत खोडे किंवा जाड मुळे यांच्या आधारे वर्षानुवर्षे टिकणारी बहुवर्षायू तणे येतात. या दोन वर्गांवरील उपाय भिन्न आहेत. पहिल्या वर्गाला बी धरू द्यावयाचे नसते. दुसऱ्या वर्गाला खालचा अन्नसाठा भरू द्यावयाचा नसतो.

बियांचा साठा

वर्षायू तणांचे बळ त्यांच्या संख्येत असते. गाजरगवत हे याचे ठळक उदाहरण होय. मूळच्या अमेरिकेतील या वनस्पतीची नोंद १९५५ साली पुण्यात झाली, आणि पुढील काही दशकांत तिने देशातील जवळजवळ सर्व पडीक जागा व्यापल्या. तिचे एक मोठे झाड पंधरा हजारांहून अधिक बिया देऊ शकते. तिच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला खाज आणि पुरळ येते. परागांमुळे काहींना दम्याचा त्रास होतो. म्हणून ती फुलावर येण्यापूर्वी, माती ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावी. फुले आल्यावर उपटण्यास उशीर झालेला असतो. अशी झाडे हलक्या हाताने कापून, बी न सांडू देता, बाजूला वाळवावीत. हे गवत खाणारा एक मेक्सिकन भुंगेरा १९८४ मध्ये बंगळूर येथे सोडण्यात आला आणि तो पुढे देशात पसरला. पावसाळ्यात तो पाने कुरतडताना दिसला, तर त्याला मारू नये.

जमिनीत पडलेल्या सर्व बिया एकाच वर्षी उगवत नाहीत. काही वरच्या थरात ओलीची वाट पाहतात, काही खोल गाडल्या जाऊन निद्रिस्त राहतात. ही निद्रा किती दीर्घ असू शकते याचा एक प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेत अजून चालू आहे. १८७९ साली मिशिगन येथे विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने वाळूत मिसळलेल्या तणबियांच्या वीस बाटल्या जमिनीत पुरल्या. त्यांपैकी एक २०२१ मध्ये उकरण्यात आली, तेव्हा १४२ वर्षांनंतरही व्हर्बॅस्कम या रानफुलाच्या काही बिया उगवल्या. सर्वच तणे इतकी चिवट नसतात. तथापि खोल खणण्याचा एक परिणाम यावरून ध्यानात येतो: खणणारा वरच्या बिया खाली गाडतो आणि कित्येक वर्षांपूर्वी गाडलेल्या बिया वर आणतो.

म्हणून बियांचा साठा उगवून संपविणे हाच मार्ग श्रेयस्कर ठरतो. वाफा तयार करून त्याला पाणी द्यावे आणि दहा ते पंधरा दिवस काहीही पेरू नये. तणांची दोनपानी रोपे वर आली, म्हणजे वाफसा असताना खुरप्याने केवळ वरचा अंगुळभर थर खरवडून ती मारावीत. खाली हात लावू नये. असे दोनदा केल्यावर मग पीक लावावे. पंधरा दिवसांचा हा विलंब पुढे निंदणीचे अनेक दिवस वाचवितो.

भूमिगत शत्रू

पडीक तुकड्याचा खरा कस बहुवर्षायू तणांपाशी लागतो. भारतात त्यांपैकी लव्हाळा आणि हरळी ही दोन सर्वांत सामान्य होत. जगातील सर्वांत उपद्रवी तणांचा आढावा घेणारा, लेरॉय होम आणि त्यांचे सहकारी यांचा ग्रंथ १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिले स्थान लव्हाळ्याला आणि दुसरे हरळीला देण्यात आले होते.

लव्हाळ्याच्या पातीखाली काळसर गाठींची माळ असते. ही माळ अखंड असते तोवर टोकाकडील गाठ वाढते आणि बाकीच्या बहुतांशी निद्रिस्त राहतात. कुदळीने माळ तुटली, की त्या निद्रिस्त गाठी जाग्या होतात. एकाच्या जागी पाच रोपे येतात ती अशी. नवे रोप वर आल्यानंतर काही आठवड्यांतच ते पुन्हा खाली गाठी धरू लागते. यावरून दोन नियम निघतात. पहिला असा, की लव्हाळा एकदाच खणून सोडून देणे हे न खणण्यापेक्षा वाईट. दुसरा असा, की दर दोन ते तीन आठवड्यांनी पाती कापत राहिल्यास नव्या गाठींना अन्न मिळत नाही आणि जुन्या गाठी साठवलेले अन्न खर्चून हळूहळू दुबळ्या होतात.

हरळी पेऱ्यापेऱ्यातून मूळ धरते. वैदिक मंत्रांत दूर्वेचे स्तवन या गुणासाठीच केले आहे, आणि गणेशपूजेत ती आदराने वाहिली जाते. पण भाजीच्या वाफ्यात हाच गुण घातक ठरतो. एक पेरे असलेला लहानसा तुकडाही ओल्या मातीत पुन्हा वाढू शकतो. म्हणून हरळी खणताना फावड्याच्या धारेने तिचे तुकडे करू नयेत. टिकावाने किंवा दात्यांच्या काट्याने ढेकूळ उचलावे, ते झटकावे आणि लांबच लांब खोडे ओढून काढावीत.

या दोन्ही तणांच्या दोन दुर्बळता आहेत: सुकणे आणि सावली. एप्रिल-मेमध्ये टिकावाने मोठमोठी ढेकळे उलथून ती न फोडता उन्हात पडू द्यावीत. गाठी आणि खोडे उघडी पडून वाळतात. आठ-दहा दिवसांनी ढेकळे पुन्हा उलथावीत. या काळात त्या भागाला पाणी मुळीच देऊ नये; वळवाची सर आली, तर पुन्हा ऊन पडताच तेच काम पुन्हा करावे. शेतकरी उन्हाळी नांगरट करतात तिचे एक कारण हेच आहे.

मध्य भारतातील कांसाचा इतिहास हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर दाखवितो. शरद ऋतूत पांढऱ्या तुऱ्यांनी शोभणारे हे गवत संस्कृत काव्यात काश या नावाने येते. बुंदेलखंड आणि नर्मदेचे खोरे यांतील शेतकऱ्याला मात्र ते संकट वाटे; कारण दुष्काळामुळे किंवा बैलांच्या अभावी शेत पडीक राहिले, की कांस त्यात शिरे, आणि त्याची खोल गेलेली खोडे देशी नांगराला दाद देत नसत. स्वातंत्र्यानंतर मध्यवर्ती ट्रॅक्टर संघटनेमार्फत अशा जमिनींची खोल नांगरट हाती घेण्यात आली. १९४९ साली जागतिक बँकेने भारताला शेतीयंत्रांसाठी एक कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले, त्यामागे कांसाने ग्रासलेल्या जमिनी सोडविण्याचा उद्देश होता. यंत्र मोठे असले तरी नियम बदलत नाही. उन्हाळ्यात कांसाची खोडे वर काढावी लागतात आणि त्यानंतर ती जमीन सलग पिकाखाली ठेवावी लागते. पडीकपणामुळे आलेले गवत पुन्हा पडीकपणा मिळताच परत येते.

चार भाग

आता उदाहरणादाखल घेतलेल्या तुकड्याकडे वळू. त्याचे सुमारे साठ-साठ चौरस मीटरचे चार भाग करावेत आणि पहिल्या उन्हाळ्यात फक्त एकच भाग पूर्णपणे खणावा. पाण्याजवळचा आणि त्यातल्या त्यात कमी तणांचा भाग निवडणे इष्ट. अवघड भागापासून सुरुवात करण्यात शौर्य दिसत असले, तरी पहिल्या वर्षी कुटुंबाच्या पानात भाजी पडणे अधिक महत्त्वाचे असते. भाजी मिळाली, तर दुसऱ्या वर्षी काम करण्याची इच्छा टिकते.

दुसऱ्या भागावर पावसाच्या प्रारंभी ताग किंवा धैंचा दाट पेरावा. ही पिके वेगाने वाढून खालच्या तणांवर सावली धरतात. सहा ते सात आठवड्यांनी, फुले येण्याच्या सुमारास, ती कापून मातीत गाडली म्हणजे जमिनीला हिरवळीचे खतही मिळते. तिसऱ्या भागावर अंतराअंतराने खड्डे खणून त्यांत शेणखत भरावे आणि लाल भोपळा लावावा. येथे सगळी जमीन खणावी लागत नाही. वेल पसरेपर्यंत खड्ड्यांमधले गवत कापत राहिले, म्हणजे पुढे त्याची रुंद पाने आपोआप तणे दाबतात. चौथा भाग तसाच ठेवावा. त्यावरचे गवत मात्र दर तीन आठवड्यांनी विळ्याने कापावे, जेणेकरून एकही तण बी धरणार नाही. हे कापलेले गवत पहिल्या भागावर आच्छादन म्हणून उपयोगी पडते. चौथा भाग दुरून ओसाड दिसतो. परंतु त्याच्यातील बियांची आवक थांबलेली असते, आणि पहिल्या वर्षी तेवढे पुरे.

चारही बाजूंनी हद्दीलगत वीतभर रुंद आणि सुमारे ३० सेंटिमीटर खोल चर खणावा. शेजारच्या बांधावरून सरपटत येणारी हरळी या चरात उघडी पडते आणि तेथेच कापता येते. हा चर न काढल्यास आत केलेले काम बाहेरून पुसले जाते.

आच्छादन आणि औषधे

भाताचा पेंढा, उसाचे पाचट किंवा वाळलेला पाला यांचा आठ ते दहा सेंटिमीटर जाड थर वर्षायू तणांना चांगला रोखतो. लव्हाळा मात्र त्यातून सहज वर येतो. त्याची टोकदार पाती काळ्या प्लॅस्टिकलाही भोक पाडते. मे महिन्यात ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट ताणून, कडा मातीत गाडून, चार ते सहा आठवडे ठेवण्याची रीतही आहे. या सौरतापनाचा अभ्यास इस्राएलमध्ये याकोव्ह काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला व १९७६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्याने वरच्या थरातील अनेक बिया आणि रोगजंतू मरतात, परंतु खोलवरच्या गाठी वाचू शकतात. एखाद्या रोपवाटिकेच्या वाफ्यापुरता हा उपाय उत्तम; सबंध तुकड्यासाठी तो खर्चिक पडतो.

तणनाशकांविषयी एवढेच सांगावयाचे, की भाजीपाल्याच्या लहान तुकड्यावर त्यांवाचून काम भागते. ग्लायफोसेट हे द्रव्य या कामी पुष्कळ वापरले जात असे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारत सरकारने अधिसूचना काढून त्याचा वापर कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला.

काढलेली तणे जाळणे म्हणजे खत जाळणे होय. इंदूर येथील संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी विकसित केलेल्या व १९३१ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या इंदूर पद्धतीत काडीकचरा आणि तणे हाच कंपोस्टचा कच्चा माल मानला आहे. थर नीट रचून ओल आणि हवा राखली, तर ढीग इतका तापतो की आतल्या बऱ्याच बिया मरतात. लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीची खोडे मात्र फरशीवर किंवा पत्र्यावर कडकडीत वाळल्याशिवाय ढिगात टाकू नयेत. बी धरलेले गाजरगवत ढिगापासून दूरच ठेवावे.

पहिली पिके

पावसाळ्यात पहिल्या भागावर चवळी घ्यावी. ती लवकर पसरते आणि तिच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीत आणतात. हिवाळ्यासाठी पेरलेल्या पिकांपेक्षा रोपे लावून घ्यावयाची पिके, उदाहरणार्थ कोबी, टोमॅटो, वांगी, अधिक योग्य. कारण ती तणांपेक्षा महिनाभराने मोठी असतात. कांदा, लसूण आणि गाजर यांचा मोह पहिल्या वर्षी टाळावा. त्यांची पाने विरळ असतात, सावली पडत नाही, आणि निंदताना पीक व तण यांच्यात फरक करणे कठीण जाते.

लागवडीनंतरचे पहिले चार ते सहा आठवडे निर्णायक असतात. या काळात आठवड्यातून एकदा अर्धा तास खुरपे फिरविले, तर पुढे पीकच तणांना झाकते. महिन्यातून एकदा सबंध दिवस घालविण्याने तेच फळ मिळत नाही. कारण त्या अवधीत मुळे खोल गेलेली असतात आणि पिकाची वाढ खुंटलेली असते.

तिसऱ्या वर्षानंतर

दुसऱ्या उन्हाळ्यात ताग गाडलेला भाग खणावा. तो आता पुष्कळ भुसभुशीत झालेला असतो. तिसऱ्या उन्हाळ्यात उरलेले दोन भाग घ्यावेत. याच काळात तुकड्यावरील तणांचा मेळ बदलू लागतो. हरळी आणि लव्हाळा मागे हटतात आणि त्यांच्या जागी घोळ, तांदुळजा, चाकवत अशी मऊ, वर्षायू तणे दिसू लागतात. वारंवार हलविलेल्या, खत मिळालेल्या जमिनीत ती सहज उगवतात. ती एका हाताने उपटली जातात, आणि तिघांचीही भाजी होते. उत्तर भारतात बथुआ म्हणून गव्हाच्या शेतातून खुडून आणला जातो तो हा चाकवतच.

तणे पूर्णपणे नाहीशी झाली, असे कोणत्याही जमिनीत घडत नाही. खणकऱ्याचे यश तणे संपण्यात नसते. ती किती काळ दुर्लक्ष सहन करू देतात, यात असते. पहिल्या वर्षी एक आठवडा चुकला तर वाफा हातचा जातो. चौथ्या वर्षी घरात आजारपण आले, पंधरा दिवस कोणी तुकड्यावर फिरकले नाही, तरी परतल्यावर पीक उभे असते आणि खुरपे घेऊन एका सकाळी निंदणी पुरी होते. तुकडा लागवडीखाली आला, असे तेव्हा समजावे.